कोयनेचं पाणी समुद्रात का सोडता?

माझी नोकरी कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात झाली आणि सासुरवाडी आटपाडीची. त्यामुळे लग्नकार्याला तिकडे दुष्काळी माणदेशात गेलो की मेहुण्यांच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला. "दाजी, कोयनेचं एवढं पाणी विजेसाठी खाली कोकणात सोडता, तिथनं ते समुद्रात जातं. ते आमच्याकडं पाठवलं असतं तर?" विचारणाऱ्यांनी गावात टँकर पाहिलेत, छावणीत जनावरं बांधलीत. त्यांना वरवरचं उत्तर देणं मला पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

कोयना धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वळवून वीज करायला मुभा दिली. मृतसाठा, म्हणजे तळाचं वापरता न येणारं पाणी, वगळून उरतं ते पूर्वेकडच्या सिंचनाला आणि पिण्याला. आकडा नुसता ऐकला तर मेहुण्यांचा राग रास्तच वाटतो.

पण पश्चिमेला जाणारं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येतं. पहिल्या दोन टप्प्यांचं पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवतात आणि आणखी शंभरेक मीटर पाडून त्याच पाण्यावर पुन्हा वीज करतात. धरणाच्या पायथ्याशी जे वीजगृह आहे तिथे पूर्वेला जाणारं पाणी शंभर मीटरही पडत नाही. म्हणजे पूर्वेला सोडलेल्या पाण्यातूनही वीज मिळते, पण पश्चिमेला मिळते त्याच्या कितीतरी कमी. साऱ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

त्याहून मोठी गोष्ट वेळेची आहे. कोळशावर चालणारा वीजनिर्मितीचा संच थंड पडला तर तो पुन्हा चालू करायला काही तास लागतात. कोयनेचा संच काही मिनिटांत भार उचलतो. संध्याकाळी दिवे, पंखे, एसी, कारखान्यांची दुसरी पाळी असं सगळं एकदम चढतं, तेव्हा राज्यातल्या विजेच्या मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून आम्हाला फोन यायचा आणि आम्ही एकेक संच लावत जायचो. कुठला तरी मोठा संच अचानक बंद पडला तरी पहिली आठवण कोयनेचीच. हे पाणी म्हणजे राज्याच्या विजेची राखीव गंगाजळी आहे. ते पश्चिमेला सोडणं सरसकट बंद करा, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

मात्र ते कोणत्याही वेळी, कसंही वापरावं, हेही मला मान्य नाही. आता दुपारी सौरऊर्जा भरपूर येते. उन्हाळ्यात भर दुपारी कोयनेचं पाणी खर्च करायला फार मोठी अडचण असावी लागते. ते संध्याकाळसाठी राखलं, तर दुपारची गरज सौरऊर्जेवर भागेल आणि वाचलेलं पाणी एप्रिल-मेमध्ये कराडकडे सोडता येईल. कराडला कोयना कृष्णेला मिळते, तिथून खाली टेंभूला पाणी उचललं जातं आणि टप्प्याटप्प्याने पंप करत ते आटपाडीपर्यंत पोचतं. ताकारी आणि म्हैसाळ या योजनाही पुढे याच कृष्णेवर उभ्या आहेत.

दुष्काळाच्या वर्षाचा नियमही आधीच ठरलेला असावा असं मला वाटतं. २०२३ साली पाऊस कमी झाला, धरण भरलं नाही. मग मागण्या, मोर्चे, बैठका झाल्या आणि विजेचं पाणी कापून सिंचनाला दिलं. निर्णय योग्य होता. पण त्यासाठी दर वेळी आरडाओरडा का करावा लागावा? १५ ऑक्टोबरला साठा मोजतातच. धरण इतकं भरलं तर विजेला इतकं, त्याखाली असेल तर आधी पिणं, मग उभी पिकं, मग वीज, हे तेव्हाच जाहीर करता येईल. शेतकऱ्याला पेरणीआधी कळलं तर तो पीक बदलू शकतो. मार्चमध्ये कळून त्याच्या हाती काही राहत नाही.

आता जे बैठकीत थोडं कडू लागतं तेही सांगतो. पूर्वेला सोडलेलं पाणी दुष्काळी गावाला पोचण्याआधी नदीकाठच्या उसातून जातं. मिरज, वाळवा, शिरोळ भागात पाटाचं पाणी बेसुमार देऊन चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. उसाला ठिबक केलं तर ४० टक्क्यांच्या आसपास पाणी वाचतं. ते न करता विजेचं आणखी दहा टीएमसी मागितलं, तर ते दहा टीएमसीही त्याच सरीत मुरणार. आटपाडीने वेगळी वाट दाखवली आहे. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी संघर्ष चळवळीने इथे समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली, आणि तालुक्यात बंद पाइपातून पाणी द्यायचं काम झालं. माझ्या मेहुण्याची डाळिंबाची बाग ठिबकवर उभी आहे. पाण्याचा थेंबन् थेंब मोजणारे हे लोक जास्त पाणी मागतात, तेव्हा त्यांच्या मागणीला वजन असतं.

आणि समुद्राचं म्हणाल, तर वीज करून बाहेर पडणारं अवजल वाशिष्ठीत येतं. भर उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती राहते ती त्याच्यामुळे. चिपळूणला त्याचा आधार आहे. तरीही बरंचसं खाडीला मिळतं आणि चिपळूण, गुहागर, खेडच्या वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे अवजल मुंबईला न्यायच्या योजना अनेकदा कागदावर आल्या. माझं म्हणणं, आधी या वाड्यांना द्या. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात ज्यांची गावं बुडाली त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना अजून हक्काची जमीन मिळालेली नाही, त्यांचा दावा तर सगळ्यांच्या आधीचा.

गेल्या खेपेला मेहुण्याने पुढचा प्रश्न काढला, "पाणी दिलंत, पण पंपाचं बिल?" उपसा योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकार उचलतं, १९ टक्के शेतकरी. हे बिल कमी करायचं तर पंप दिवसा उन्हावर चालवायला हवेत. म्हैसाळसाठी सौर प्रकल्प मंजूर झाला आहे. टेंभूलाही तसंच करा, पाणी दुपारी उचला, आणि संध्याकाळचा भार कोयनेवर सोडा.