ग्रुपवरची फाइल डिलीट केली, पण कुणाला सांगितलंच नाही

माझं गावात सीएससी सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, आधारची कामं, आणि पीएम किसानचा २००० चा हप्ता यायची वेळ झाली की ई-केवायसीला रांग. अशाच एका हप्त्याच्या आधी सकाळी शटर वर करतोय तोच एक मावशी मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, "दादा, डेअरीच्या ग्रुपवर केवायसीचं आलंय, दाबलं तर कायबाय विचारतंय, तेवढं करून दे की."

बघितलं तर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवणारी फाइल. नाव पीएम किसान, ॲप फोनमध्ये बसलेलं, आणि आता एसएमएस वाचायची परवानगी मागत होतं. ती दिली की बँकेचा ओटीपी सरळ चोराच्या हातात. खरी साइट पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन, खरं ॲप प्ले स्टोअरवर, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून सरकार कुणाची केवायसी करत नाही. मी लगेच नेट बंद करून ते ॲप काढून टाकलं आणि मावशींना ग्रुप उघडायला सांगितलं, तर तिथे नुसतं 'हा मेसेज डिलीट केला'.

फाइल टाकणारे अण्णा आमच्या दूध संस्थेचे जुने संचालक, भला माणूस, त्यांच्या नावावर विश्वास ठेवूनच लोकांनी उघडली असणार. फोन लावला तर म्हणाले, "अरे मला दुसऱ्या ग्रुपवरून आली होती, पोराने सांगितलं फ्रॉड आहे म्हणून काढून टाकली, विषय संपला."

मी म्हटलं अण्णा, संपला कुठं, ज्यांनी आधीच इन्स्टॉल केलं त्यांच्या फोनमधलं ॲप मेसेज काढून जात नाही, आणि त्यांना तर अजून माहीतच नाही की त्यात काय होतं. अण्णा गप्प. लोक काय म्हणतील हे त्यांच्या मनात होतं, आणि ते मला कळत होतं, पण तिकडे एकेक मिनिट महत्त्वाचा होता. शेवटी त्यांनी स्वतःच्या आवाजात व्हॉइस मेसेज टाकला, की सकाळी मी टाकलेली फाइल खोटी होती, ज्यांनी उघडली त्यांनी नेट बंद करा आणि सेंटरवर जा.

मला त्या दिवशी अण्णांचा खरंच अभिमान वाटला. चुकून काही फॉरवर्ड होणं कुणाच्याही हातून होतं, पण गुपचूप डिलीट करण्यापेक्षा त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर सांगणं फार गरजेचं असतं हो!

अर्ध्या तासात दोघं आले. एकाने परवानगी दिलीच नव्हती, सुटला. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे गेले होते, लगेच दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला, व्यवहाराचा नंबर, वेळ, खातं सगळं सांगितलं, बँकेतही पळत जाऊन खातं बंद करायला लावलं. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, बाकीची आधीच काढली होती. गोठवलेली परत मिळवायला तो अजून बँक आणि पोलीस स्टेशनचे हेलपाटे घालतोय.

ग्रुपच्या ॲडमिनने आता ठरवलंय की एपीके टाकायचीच नाही, आणि कुठलीही लिंक टाकली तर खाली लिहायचं की कशाची आहे, कुठून मिळाली आणि स्वतः उघडून बघितली का. अण्णा तर आता पेंडीच्या दराची लिंकसुद्धा आधी मला पाठवतात.