आईचा पूर अजून चालूच आहे

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात ज्यांनी बघितली त्यांना वेगळं सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी. आमचं घर तळमजल्यावर. आई उठली तर पाय डायरेक्ट पाण्यात.

तिला धरून वर काकूंकडे नेलं, लाईट गेलेली, मागे फ्रिज आडवा होऊन दारावर आपटून राहिला होता. कोणी विचारलं की मी सांगायचो, दीड-दोन तास लागले. मग एकदा जुना कॉल लॉग दिसला. काकूंना पहिला कॉल ३:५२ ला, वर पोचून मामाला केलेला ४:०९ ला. १७ मिनिटं फक्त! विश्वासच बसेना.

मग वाचत सुटलो. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि त्याच्या टीमने २००७ मध्ये एक प्रयोग छापला, लोकांना ३१ मीटरवरून खाली जाळीत सोडलं, पडायला जेमतेम अडीच सेकंद, पण दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचं पडणं त्यांना ३६ टक्के लांब वाटलं. मनगटावर भराभर बदलणारे आकडे होते, खरंच सगळं स्लो मोशनमध्ये दिसत असतं तर ते वाचता आले असते, पण नाही आले. म्हणजे लांबते ती आठवण. भीतीत अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका ओळखणारा भाग, पेटलेला असतो, बारीकसारीक सगळं पक्कं बसतं, आणि नंतर तो एवढा ऐवज बघून मेंदूला वाटतं की खूप वेळ गेला असणार.

पण आईचं याहून अवघड आहे. कुठली गोष्ट कधी, कुठे झाली हे जुळवून ठेवायचं काम मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं, आणि फार ताणात नेमकं तेच बिघडतं म्हणतात. मग आठवण राहते पण ती जुनी होत नाही. पाऊस वाढला की आई मला हलवते, "पाणी येऊन राहिलं रे, ऊठ न." आलं होतं असं ती कधीच म्हणत नाही, नेहमी येऊन राहिलं.

आधी मी वाद घालायचो, कुठे आहे पाणी, दाखव. चुकलंच माझं ते. आता लाईट लावतो, जवळ बसतो, आज वार कोणता, रात्री भाजी कोणती केली होती विचारतो.

परवा रात्री असंच गडगडलं. ती उठून बसली, मला हाक नाही मारली. हळूच पाय खाली सोडला, फरशी चाचपली, मग दुसरा सोडला.

"कोरडी आहे," म्हणाली.