टीम सुटते ती सांध्यावर

आजचा अख्खा दिवस कामांची देवाणघेवाण बघण्यात गेला, म्हणून हे लिहितोय. टीम एकत्र राहावी म्हणून सहली, केक, गेम्स चालू असतात. चालू द्या, वाईट काही नाही. पण गट सुटतो तो एकाने सोडलेलं काम दुसऱ्याने उचलायचं असतं, नेमका तिथे.

काम सोपवताना चार गोष्टी लिहूनच द्याव्यात: काय झालं, काय उरलं, कुठे अडू शकतं आणि आता जबाबदार कोण. शेवटच्या जागी एकच नाव. ‘आपण सगळे बघू’ म्हटलं की कुणीच बघत नाही. घेणाऱ्याने तेच स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. दोन मिनिटं जातात, पण गैरसमज तिथल्या तिथे सापडतो.

माणसं वाढवताना हिशेब करा. ५ जणांत आपापसातल्या जोड्या १०, १० जणांत ४५. माणसं दुप्पट, निरोप चुकायच्या जागा साडेचार पट!

आणि चूक सांगायची भीती. संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करताना उलटंच दिसलं: चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. कारण तिथे लोक चूक उघड बोलत होते. १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी हीच ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे चूक बोलली तरी अपमान किंवा शिक्षा होणार नाही हा भरवसा, सविस्तर मांडली. त्यामुळे बैठकीत ‘कुणी केलं?’ने सुरुवात नको. ‘कुठल्या पायरीवर निसटलं?’ विचारा. नाहीतर पुढची चूक तुम्हाला थेट ग्राहकाकडूनच कळते.