योग्य ठिकाणी ठेवलेली बरणी : माझा अनुभव

'बरणी योग्य ठिकाणी ठेवावी.' प्रॅक्टिकलच्या कागदावर एवढंच छापलं होतं. त्या 'योग्य'ने माझा सव्वा महिना खाल्ला. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

प्रयोग विनोग्राडस्की स्तंभाचा. सर्गेई विनोग्राडस्की म्हणजे 1887 मध्ये हायड्रोजन सल्फाइडवर ऊर्जा कमावणारे जिवाणू दाखवून देणारे गृहस्थ. काचेच्या उंच बरणीत तळ्याचा चिखल, फाडलेला कागद, अंड्याचा बलक आणि थोडं जिप्सम कालवून भरायचं, वर तळ्याचंच पाणी. मग काही आठवड्यांत आतल्या जिवाणूंचे रंगीत थर काचेतून दिसायला लागतात. अर्ध्या तासात झालं. कागद बिनशाईचा घ्या, आणि झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

चौथ्या दिवशी वास सुटला. सडक्या अंड्याचा, अगदी तोच. आई म्हणाली, "एक तर ही बरणी घरात राहील नाहीतर मी." मग ती अडगळीच्या कपाटात गेली. कागदावर 'योग्य ठिकाणी' होतं, आणि त्या क्षणी कपाटाइतकं योग्य काहीच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात तळ काळा झाला. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात काळा. चौथ्यात काळा. वर्गातल्या बाकीच्यांच्या बरण्यांमध्ये हिरवे-जांभळे पट्टे यायला लागले होते आणि माझी डांबरासारखी. मी आणखी कागद घातला. काही नाही. मग काडीने ढवळलं. हे चुकूनही करू नका. हवा आत जाते, थर मोडतात, आणि ज्यांना ऑक्सिजन विषासारखा त्या जिवाणूंचे हाल होतात. चिखलच शिळा असेल असं ठरवून मी सगळं ओतून टाकायला निघाले होते. पाचवा आठवडा संपताना मॅडमना बरणीचा फोटो दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "हिला उजेड कुठून मिळतो?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, बरणीत नाही. काळा थर अंधारातही होणारच होता. कागद फोडणारे जिवाणू ऑक्सिजनशिवाय किण्वन करतात. त्यात एका ग्लुकोजमागे जेमतेम 2 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) हाती लागतात (ऑक्सिजन असता तर पुस्तकी हिशोबाने 38 पर्यंत). उरलेली ऊर्जा ते सेंद्रिय आम्लं, अल्कोहोल आणि हायड्रोजनच्या रूपात टाकून देतात. ते उष्टं डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू उचलतात. आपण ऑक्सिजनवर श्वसन करतो, ते सल्फेटवर करतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते घातलं यांच्यासाठी. त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड चिखलातल्या लोहाशी जुळला की काळं आयर्न सल्फाइड. या सगळ्या साखळीत उजेडाचं काही कामच नाही. म्हणून माझ्या कपाटात तेवढीच मंडळी जोमात होती. हिरवे आणि जांभळे गंधक-जिवाणू मात्र प्रकाशावर जगतात. पाण्याऐवजी ते हायड्रोजन सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन घेतात, त्यामुळे ऑक्सिजन न सोडता गंधक तयार करतात. हे सगळं परीक्षेत मी आधीच लिहून आले होते, चांगले मार्कही होते. बरणी कपाटात ठेवताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

सबमिशनला तीन आठवडे उरले होते. घाईघाईने बरणी टेबलावरच्या एलईडी दिव्याखाली ठेवली. आठवडाभरात फक्त वरचं पाणी हिरवट झालं. ते सायनोबॅक्टेरिया किंवा शेवाळ असणार. खाली शून्य. पुन्हा शोधाशोध केली तेव्हा कळलं की जांभळ्या जिवाणूंना 800 ते 900 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लागतो, आणि पांढऱ्या एलईडीत तो जवळपास नसतोच. जुन्या तारेच्या बल्बमध्ये भरपूर असतो. तो नसेल तर खिडकी, पण थेट ऊन नको, बरणी तापते.

खिडकीत ठेवल्यावर अकराव्या दिवशी काचेला एक जांभळट डाग दिसला, नखाएवढा. मी आईला ओढत आणून दाखवला. सबमिशनपर्यंत त्याचा बोटभर पट्टा झाला होता आणि त्याखाली हिरव्याची पुसटशी रेघ. हिरवे खालीच असतात, त्यांना सल्फाइड जास्त सोसतं. जर्नलमध्ये तारखा खऱ्याच लिहिल्या, कपाटासकट. दर आठवड्याला एकाच बाजूने फोटो काढून ठेवा, मी पहिल्या पाच आठवड्यांत मॅडमना दाखवलेला एक सोडून काढलेच नाहीत.

आणि वास? तो बराच उतरलाय. जांभळी मंडळी तोच वायू वापरून टाकतात. म्हणजे वासामुळे बरणी कपाटात गेली आणि कपाटामुळे वास टिकला. हे आईला अजून सांगितलेलं नाही.