दाणे वेचून काढले होते

आषाढी एकादशीचा कॉल होता. जिल्हा परिषदेची शाळा, खिचडी खाऊन विषबाधा, एक मूल गंभीर, बाकीच्यांच्या पोटात दुखतंय. मी १०८ च्या अँब्युलन्सवर डॉक्टर आहे. गाडीत आम्ही दोघंच असतो, मी आणि पायलट. आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि आमचे दादा त्या नावाला शोभेल अशीच गाडी चालवतात. विषबाधा म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. जास्त मुलं धरून चालायचं, ग्रामीण रुग्णालयाला खाटा रिकाम्या ठेवायला सांगायचं, सलाईन मोजून घ्यायचं.

वाटेत शाळेच्या बाईंना फोन लावला. खाऊन किती वेळ झाला? म्हणाल्या, "चार घास खाल्ले न् लगेच ओठ सुजले, मग उलटी." बाकीच्या मुलांना काय होतंय? "घाबरून रडतायत." तिथंच माझ्या मनात विषबाधेवर काट मारली गेली. नासलेल्या अन्नाचा त्रास व्हायला निदान अर्धा-एक तास जातो, बहुतेकदा त्याहून जास्त. आणि तो एकाच ताटापुरता थांबत नाही. "अंगावर गांधी उठल्यात का?" विचारलं, तर "नाही" म्हणाल्या. मुलाला आडवं झोपवा, पाय उंच करा, पाणी पाजू नका, एवढं सांगून फोन ठेवला.

पोहोचलो तेव्हा ओसरीवर ही गर्दी. पहिलीतला मुलगा, दिंडीसाठी वारकरी झालेला. धोतर, बंडी, कपाळाला बुक्का. कुणीतरी त्याला खुर्चीत बसवून ठेवलं होतं आणि विष उतरावं म्हणून मिठाचं पाणी पाजणं चाललं होतं. मान एका बाजूला कललेली. गावातले एक डॉक्टर माझ्याआधी येऊन कमरेत ॲव्हिल आणि एफकॉर्लिन, म्हणजे ॲलर्जीवरचं साधं औषध आणि स्टेरॉइड, देऊन मोकळे झाले होते. "आता गुण येईल," असं म्हणत ते बाजूला उभे होते.

बंडी वर केली. पोटापासून काखेपर्यंत गांधीच गांधी, एकमेकींत मिसळलेल्या. बंडी कुणी वर करून पाहिलीच नव्हती. छातीला स्टेथोस्कोप लावला तर शिट्टी वाजल्यासारखा आवाज. बोटं गार. ऑक्सिमीटर नुसता चाचपडत होता, आकडाच दाखवेना. नखावर दाबलं की गेलेला रंग परत यायला वेळ लागत होता. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ॲलर्जीचं हे रूप जीव घेतं. आणि त्यावरचं पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिन.

त्याला जमिनीवर आडवं केलं, पायांखाली पोरांची दप्तरं रचली. ॲड्रेनॅलिनच्या एक एमएलच्या अँप्यूलमध्ये एक मिलिग्रॅम औषध असतं. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम द्यायचं. मूल अठरा किलोच्या आसपासचं, म्हणजे ०.१८ एमएल. एक एमएलच्या बारीक सिरिंजमध्ये ते जेमतेम दिसतं, आणि एवढ्याशानं काय होणार असं बघणाऱ्याला वाटतं. धोतराचा सोगा सारून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत दिलं. शीर शोधत बसावं लागत नाही, हीच या इंजेक्शनची मोठी सोय. मास्क लावला, मग शिरेत पिवळा कॅथ, म्हणजे लहान मुलांची बारीक नळी, घालून सलाईन सुरू केलं. पाच मिनिटांनी नाडी अजून मनासारखी लागेना म्हणून तेवढाच दुसरा डोस दिला. त्यानंतर त्यानं डोळे उघडले आणि आईला हाक मारली.

त्या डॉक्टरांबद्दल लिहायलाच हवं, कारण ते एकटे नाहीत. ॲव्हिल पुरळ आणि खाज कमी करतं. सुजलेला घसा किंवा आवळलेली श्वासनळी त्यानं मोकळी होत नाही, पडलेलं बीपीही चढत नाही. एफकॉर्लिनचा परिणाम दिसायलाच काही तास लागतात. तरी आपल्याकडे ॲलर्जी म्हटलं की हात आपोआप या दोन इंजेक्शनांकडे जातो. ॲड्रेनॅलिन म्हणजे हृदय बंद पडल्यावर शिरेतून द्यायचं औषध, ही भीती शिकलेल्या डॉक्टरांच्या मनातूनही जात नाही. मांडीत योग्य मात्रेत दिलं तर थोडा वेळ धडधड होते, हात थरथरतात, एवढंच. न दिल्यानं मुलं जातात.

गाडीत आई शेजारी बसली होती, बाईही आल्या होत्या. आई सांगू लागली, की आधी एकदा चिक्की खाऊन त्याचा ओठ सुजला होता. दवाखान्यात सांगितलं, "दाणे देऊ नका." एवढंच. तिनं ते शाळेत सांगितलं होतं. आणि बाईंनी ते लक्षात ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी स्वतः त्याच्या ताटातले दाणे वेचून काढले होते."

ताट मी पाहिलं होतं. कडेला अख्ख्या दाण्यांची छोटी रास, आणि मध्ये कूट लागलेला साबुदाणा, प्रत्येक दाणा कुटानं माखलेला. बाईंनी माया लावून, नेमानं केलेलं काम होतं ते. 'दाणे देऊ नका' या वाक्यात कूट त्यांना कुणी दाखवलाच नव्हता. आपल्या घरात दाणा काय फक्त खिचडीत असतो? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, पालेभाजी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, उपासाची आमटी, लाडू. रिफाइंड तेलातलं प्रथिन जवळजवळ निघून गेलेलं असतं, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. त्यात आपला दाणा भाजलेला, आणि भाजलेला दाणा उकडलेल्यापेक्षा ॲलर्जीला जास्त कारण होतो. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख करणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण कढईवर लेबल कोण लावणार?

मुलाला जिल्ह्याला नेऊन रात्रभर देखरेखीखाली ठेवायला लावलं. पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी दुसरी येऊ शकते, म्हणून बरं वाटलं तरी घरी सोडायचं नसतं. पुढे आई मला भेटायला आली ती कडेवर आठ महिन्यांची लेक घेऊन. म्हणाली, हिला तर आता दाण्याचा वाससुद्धा लागू देणार नाही. मी तिला थांबवलं. २०१५ साली लंडनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० तान्ही मुलं त्यात होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू करून नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र भावाला एवढी तीव्र ॲलर्जी आहे, तेव्हा हिची सुरुवात घरी नको, बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्यासमोर करायची, आणि अख्खा दाणा मुळीच नाही, तो घशात अडकतो. असं सगळं तिला लिहून दिलं.

मुलासाठीही कागद केला. काय टाळायचं, कूट आणि घाण्याचं तेल यांच्यासकट. कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही. आडवं झोपवायचं, उठवून चालवायचं नाही. १०८ ला सांगताना 'विषबाधा' नाही, 'दाण्याची ॲलर्जी, श्वास लागतोय' असं सांगायचं. परदेशात मिळतं तसं पेनसारखं तयार इंजेक्शन आमच्या भागातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. बालरोगतज्ज्ञांनी अँप्यूल आणि सिरिंज लिहून दिली, मात्रेची खूण करून दाखवली. उन्हापासून दूर ठेवायचं, औषध तपकिरी झालं तर टाकायचं, तारीख बघत राहायची. आई शिकली. बाईही शिकायला तयार आहेत, पण शाळेत शिक्षकानं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्यांना कुणी लेखी सांगत नाही.

खिचडी करणाऱ्या ताईंची मात्र आठवडाभर चौकशी चालली. नमुने सील झाले, पातेलं जप्त झालं, गावानं नाही नाही ते बोलून घेतलं. नमुन्यात काहीच निघालं नाही. निघणार तरी काय, खिचडी चांगलीच होती. कागदोपत्री आजही ती 'संशयित विषबाधा'च आहे. तिथं 'ॲलर्जी' लिहिलं जावं, म्हणजे पुढच्या शाळेत निदान प्रश्न तरी विचारला जाईल, यासाठी मी तालुक्याला पत्र दिलंय. सोबत शाळाशाळांतून ॲड्रेनॅलिनचं प्रशिक्षण द्यायची तयारी कळवली आहे. उत्तर आलेलं नाही. ताईंना मी स्वतः जाऊन भेटले आणि त्यांचा काहीही दोष नव्हता हे गावच्या चार लोकांसमोर सांगितलं. त्या अजून खिचडीत कूट घालायला धजत नाहीत.