तुम्ही विचारलंत म्हणून: पातं सोडून मूठ का?

जपानी तलवारींबद्दल बोलायला लागलो की प्रश्न ठरलेला: "पातं सोडून मुठीच्या त्या बारक्या तुकड्यांत काय बघत बसता?" मी काळा रंग बघतो.

त्या काळ्याचं नाव शाकुदो. तांब्यात साधारण 3 ते 5 टक्के सोनं मिसळून केलेला हा धातू घडवताना तांब्यासारखाच दिसतो. काम पुरं झालं की तो लख्ख घासायचा, किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवायचा आणि ताम्रक्षारांच्या पाण्यात उकळायचा. बाहेर येतो निळसर झाक असलेला गर्द काळा. जपानीत त्याला कावळ्याचं सोनंही म्हणतात. सोनं नसतं, तर हा रंग चढलाच नसता. इतकं मोलाचं सोनं घालायचं आणि काळ्यात मुरवून टाकायचं! यापुढे हिऱ्यामाणकांच्या मुठी मला फिक्या वाटतात.

या काळ्यावर नानाको, म्हणजे गाबोळीसारखे बारीक दाणे. टोकाला वाटीसारखा खळगा असलेल्या ठशाने एकेक दाणा हाताने ठोकायचा, ओळ न चुकवता. एखादा दाणा केसभर सरकला की सगळी मेहनत वाया. पंधराव्या शतकात शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासा याच्या पदरी असलेल्या गोतो युजो या कारागिराच्या घराण्याने ही शैली पिढ्यान्‌पिढ्या जपली. मुठीवर बसवायच्या मेनुकी, म्हणजे इवल्याशा सिंह-ड्रॅगनच्या जोड्या, ते याच काळ्या धातूतही घडवत. मग त्यांच्यावर रेशमी फीत गुंडाळली जाई आणि निम्मी कारागिरी तिच्याखाली झाकली जाई. तरी झाकलेला भागही तितक्याच निगुतीने कोरलेला असतो. मला सगळ्यात जास्त हेच भावतं.

1876 साली जाहीरपणे तलवार बाळगायला बंदी आली आणि या कारागिरांचं गिऱ्हाईकच संपलं. कानो नात्सुओ (1828–1898) त्यांच्यातलाच. तलवारीचे साज कोरणाऱ्या याच हाताने त्याआधीच मेइजी सम्राटाच्या नव्या सरकारच्या नाण्यांचे नमुने कोरले होते. तळहातावर मावणाऱ्या जागेत ड्रॅगन बसवायची त्याला सवयच होती. पुढे 1890 साली तो टोकियोच्या कलाशाळेत प्राध्यापक झाला. तिच्या वारशात उभ्या असलेल्या विद्यापीठात आजही धातूवरचं कोरीवकाम शिकवतात.

पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, तर मुठीवरच्या फितीच्या फटींतून जरा वाकून बघा.