विहिरीच्या पाण्याची तक्रार आणि अडकून पडलेला अहवाल : माझा अनुभव

औद्योगिक वसाहतीकडून येणारा नाला आमच्या शिवारातून वाहतो. त्याच्या काठची आमची विहीर दिवाळीनंतरही तुडुंब असते, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि हंड्याला आतून पांढरा थर धरतो, म्हणून पिण्यासाठी फेब्रुवारीपासूनच टँकर मागवावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विहिरीचे पाणी विनासायास तपासून मिळाले. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात, असे भारतीय मानक सांगते. आमच्या विहिरीने ती दुसरी मर्यादाही ओलांडली होती.

खरी अडवणूक झाली ती सांडपाण्याची तक्रार घेणाऱ्या कार्यालयात. तुम्ही स्वतः भरून आणलेला नमुना ग्राह्य नाही, असे तिथे सांगण्यात आले. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार सांडपाण्याचा नमुना अधिकाऱ्याने कारखान्याला नोटीस देऊन घ्यायचा आणि सीलबंद करायचा असतो, हे मला मान्य आहे. पण मग तो वेळेवर घेणे हेही त्यांचेच काम आहे. नाल्याला काळे, फेसाळ पाणी रात्री येते, हे अर्जात स्पष्ट लिहिलेले असताना अधिकारी भर दुपारी आले आणि नितळ पाण्याची बाटली भरून निघून गेले. त्यानंतर अहवाल प्रयोगशाळेतून आलेला नाही, साहेब बैठकीला गेले आहेत, फाइल वरच्या कार्यालयात आहे, हीच उत्तरे आलटून पालटून मिळत राहिली. ज्यांच्या घरात पिण्याला पाणी नाही त्यांना असे ताटकळत ठेवण्याचा संताप मला आजही आवरत नाही.

कोंडी फुटली ती माहितीच्या अधिकाराने. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. ‘माझ्या तक्रारीचे काय झाले’ असे मोघम विचारू नये. नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या जागी घेतला, पंचनामा आणि विश्लेषण अहवाल यांच्या प्रती द्याव्यात, असे नेमके मागावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तेव्हा २० रुपयांचा स्टँप लावून पहिले अपील केले आणि सुनावणीआधीच अहवाल टपालाने घरी आला. दुपारच्या त्या नितळ पाण्यातही सीओडी (सांडपाण्यातील घाण किती हे दाखवणारे मोजमाप) लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त होता. तो कागद हातात आल्यावर फार मोठे समाधान वाटले, कारण त्याच्याच आधारे पुढे कारखान्याला नोटीस निघाली.

मूळ तक्रार देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अपिलात तोच पुरावा कामी आला. शिवाय कारखान्याला सांडपाणी सोडण्याची परवानगी कोणत्या अटींवर दिली आहे, याची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहता येते, अशी तरतूद त्याच जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. ती पाहण्याची आणि पुढचा नमुना रात्रीच घेण्याची लेखी मागणी मी आता केली आहे.